केंद्रकात सांधणे, तंतुकणिकेत टाकून देणे

आपण कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवता. पेशीतील बिघडलेला डीएनए नेमका कसा दुरुस्त होतो, आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) डीएनएला दुरुस्तीची सोयच नसते हे जुन्या पुस्तकांतून आजही वर्गात येणारे विधान खरे मानावे का, असे आपण विचारले आहे. माझी बरीच वर्षे आनुवंशिक आजारांच्या निदान-प्रयोगशाळेत गेली आहेत. ज्यांच्या पेशींत गुणसूत्रे सहज तुटतात अशा मुलांचे रक्त आणि ज्यांच्या तंतुकणिका निकामी झाल्या आहेत अशा रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे, दोन्ही मी तपासले आहेत. त्यावरून सांगतो की ते विधान अर्धे खरे आहे. मात्र त्याचा खोटा अर्धा भाग विद्यार्थ्यांच्या मनात राहिला, तर पुढचे बरेच काही उलटे समजते. केंद्रकाला आपली प्रत्येक प्रत वाचवावी लागते, म्हणून ते सांधते. तंतुकणिकांकडे प्रती पुष्कळ असतात, म्हणून त्या लहान बिघाड सांधतात आणि मोठा बिघाड झालेली प्रत टाकून देतात.

बिघाड म्हटले की आपल्यासमोर क्ष-किरण, तंबाखू आणि कडक ऊन येते. ही कारणे खरीच आहेत, पण डीएनएचे रोजचे नुकसान करते ते पाणी, ज्यात तो आयुष्यभर बुडालेला असतो. स्वीडनमध्ये टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी डीएनए नुसता गरम द्रावणात ठेवून तो किती वेगाने झिजतो हे मोजले, आणि त्यावरून असा हिशेब निघाला की मानवी पेशीतील डीएनएमधून दिवसाला साधारण १०,००० प्युरीन बेस, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ॲडेनिन आणि ग्वानिन, आपोआप गळून पडतात. याशिवाय दिवसाला सुमारे १०० ते ५०० ठिकाणी सायटोसिनचा अमिनो गट निघून जातो आणि तिथे युरॅसिल तयार होते. या वेगाने झिजणारा रेणू पिढ्यान्‌पिढ्या तोच मजकूर टिकवून धरतो, याचा अर्थ त्यामागे सतत चालणारी दुरुस्ती असली पाहिजे, असे लिंडाल यांनी ताडले आणि १९७४मध्ये जीवाणूंत युरॅसिल शोधून काढून टाकणारे विकर (एन्झाइम) त्यांनी दाखवून दिले. २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासह मिळाले.

वर्गात इथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण ‘डीएनएमध्ये थायमिन आणि आरएनएमध्ये युरॅसिल का?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी मिळते. सायटोसिनपासून झालेले युरॅसिल तसेच राहिले, तर पुढच्या वेळी नक्कल होताना त्याच्यासमोर ग्वानिनऐवजी ॲडेनिन बसते आणि मजकूर कायमचा बदलतो. डीएनएत मुळातच युरॅसिल वापरात असते, तर कोणते युरॅसिल मूळचे आणि कोणते बिघडून झालेले, हे ओळखण्याचा मार्गच पेशीला उरला नसता. थायमिन म्हणजे मिथिल गटाची खूण लावलेले युरॅसिल. खूण नसलेले जे दिसेल ते बेधडक काढता येते. याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. आपल्या डीएनएत काही सायटोसिनवर मिथिल गट आधीच लावलेला असतो. तसे सायटोसिन बिघडले की थेट थायमिन होते, आणि थायमिन हा डीएनएचा रीतसर बेस असल्याने ते पकडणे अवघड जाते. सायटोसिनच्या पुढे ग्वानिन असलेल्या जागा मानवी जनुकांत उत्परिवर्तनाला विशेष बळी पडतात, त्याचे मुख्य कारण हेच.

अशा एकेका बेसच्या बिघाडासाठी जी दुरुस्ती आहे तिला बेस-उच्छेदन म्हणता येईल. ग्लायकोसिलेज नावाचे विकर डीएनएवरून सरकत जाते, संशयास्पद बेस साखळीबाहेर वळवून आपल्या खोबणीत बसवून पाहते आणि तो चुकीचा निघाला तर साखरेशी असलेला त्याचा बंध तोडते. मागे बेस नसलेली रिकामी साखर उरते. दुसरे विकर त्या जागी धागा कापते, पॉलिमरेज-बीटा हे डीएनए लिहिणारे विकर उरलेली साखर काढून योग्य न्यूक्लिओटाइड (साखर आणि फॉस्फेटसह बेस) बसवते आणि लायगेज टोके जोडते. समोरचा धागा शाबूत असल्याने नवे अक्षर कोणते हवे याबद्दल संशय राहत नाही. ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांमुळे बिघडलेल्या ग्वानिनची गोष्ट थोडी निराळी आहे. ते ॲडेनिनशीही जोडी जुळवते, म्हणून इथे पहारा दोन पातळ्यांवर असतो: एक विकर बिघडलेले ग्वानिनच काढते, आणि त्याआधीच नक्कल होऊन समोर ॲडेनिन बसले असेल, तर दुसरे विकर ते ॲडेनिन काढते. या दुसऱ्या विकराच्या जनुकाच्या, म्हणजे म्यूटवायएचच्या, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यात अनेक गाठी येतात आणि त्यांतून कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो.

उन्हातील अतिनील किरणांचे काम वेगळे. ते शेजारशेजारचे दोन पिरिमिडीन बेस, म्हणजे थायमिन किंवा सायटोसिन, एकमेकांना चिकटवतात आणि सर्पिलच वाकडे करतात. इथे एकच बेस काढून भागत नाही. वाकडेपणा ओळखणारी प्रथिने येतात, टीएफआयआयएच हा प्रथिनसमूह तेवढा भाग उघडतो, बिघाडाच्या दोन्ही बाजूंना दोन विकरे काप घेतात आणि सुमारे २४ ते ३२ न्यूक्लिओटाइडांचा तुकडाच निघून जातो. मग ती फट भरली जाते. ही न्यूक्लिओटाइड-उच्छेदनाची रीत जन्मतः बिघडलेली असेल तर झीरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार होतो, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे दाखवले. त्या मुलांच्या उघड्या त्वचेवर लहानपणीच डाग पडतात आणि पुष्कळदा दहा वर्षांच्या आतच त्वचेचा कर्करोग होतो. याच यंत्रणेची एक शाखा चालू जनुकांना अग्रक्रम देते: आरएनए तयार करणारे विकर बिघाडापाशी अडले, तर ते अडणे हीच सूचना मानून तिथली दुरुस्ती आधी होते. ही शाखा बिघडली की कॉकेन (Cockayne) सिंड्रोम होतो. त्यात कर्करोग वाढत नाही, पण मूल खुंटते आणि अकाली म्हातारे दिसू लागते, म्हणून दोन्ही आजार शेजारी ठेवून शिकवावेत असे मी सुचवीन. अनेक जीवाणूंत, वनस्पतींत आणि कांगारूंसारख्या शिशुधानी प्राण्यांतही प्रकाशाच्याच ऊर्जेने हे चिकटलेले बेस सोडवणारे फोटोलायेज विकर असते. आपल्या वंशात ते हरवले आहे.

नक्कल होताना पडलेल्या चुकांसाठी विजोड-जोडी दुरुस्ती आहे. पॉलिमरेज स्वतःची चूक तपासत पुढे जाते, तरी साधारण कोटीत एक चूक राहते. या दुरुस्तीनंतर ते प्रमाण अब्जात एकाच्या आसपास येते. तिची जनुके सदोष असल्यास लिंच सिंड्रोम होतो, म्हणजे आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग कमी वयात आणि घराण्यात वारंवार होतो.

यांपेक्षा कठीण प्रसंग दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याचा, कारण तिथे पाहून लिहायला समोरचा धागाच नसतो. क्ष-किरणांच्या एक ग्रे (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) मात्रेने एका पेशीत सुमारे १,००० एकेरी भंग होतात आणि दुहेरी भंग फक्त ४०च्या आसपास होतात, पण पेशी मरते ती मुख्यतः त्या ४० भंगांमुळे. केंद्रकाकडे अशा वेळी दोन मार्ग असतात. पहिल्यात केयू हे प्रथिन तुटलेल्या टोकांना पकडते आणि टोके थेट जोडली जातात. हे काम झटपट होते, पण जोडावर चार-दोन अक्षरे गळण्याची शक्यता असते. दुसऱ्या मार्गात टोके कुरतडून एकेरी धागा मोकळा केला जातो, बीआरसीए-२ प्रथिन त्यावर आरएडी-५१ या प्रथिनाची रांग बसवते आणि तो धागा जुळ्या गुणसूत्रार्धात शिरून हुबेहूब मजकूर उतरवून घेतो. त्यासाठी डीएनएची नक्कल आधी झालेली असावी लागते, म्हणून हा मार्ग पेशीचक्राच्या त्या टप्प्यापुरताच खुला असतो.

हे काम बिघडले की काय होते ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक आजाराचा संशय असलेल्या मुलाच्या रक्तातील लिंफोसाइट पेशी आम्ही मायटोमायसिन-सी घालून तीन दिवस वाढवतो. हे रसायन डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना टाके घातल्यासारखे जोडून टाकते. निरोगी माणसाच्या पेशी ते टाके बऱ्याच अंशी उसवतात. या मुलांच्या पेशींत मात्र काचपट्टीवर तुटलेली आणि एकमेकांना भलतीकडे जोडली जाऊन चार हातांच्या फुलीसारखी दिसणारी गुणसूत्रे आढळतात. बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच हा आजार होतो, म्हणून मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी विवाह झालेल्या घरांची चौकशी आम्ही आवर्जून करतो. या आजाराच्या अनेक जनुकांपैकी एक बीआरसीए-२ हेच आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगा. एकच सदोष प्रत असलेल्या स्त्रीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका आणि दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकाला फॅन्कोनी, ही साखळी त्यांना लगेच कळते. बिघाड सांधण्यापलीकडे गेला तर पी-५३ प्रथिनाच्या आज्ञेने पेशी विभाजन थांबवते किंवा मरण पत्करते. केंद्रकाला आपला डीएनए टाकून देता येत नाही. टाकायचेच झाले तर अख्खी पेशी टाकावी लागते.

तंतुकणिकेत नेमकी उलट स्थिती आहे. तिचा वर्तुळाकार डीएनए १६,५६९ बेसजोड्यांचा आहे, त्यावर ३७ जनुके आहेत आणि त्यांपैकी फक्त १३ प्रथिनांची आहेत. एका पेशीत याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. परिपक्व अंडपेशीत तर लाखाहून अधिक. त्या ३७ जनुकांत दुरुस्तीचे एकही नाही. लागणारे प्रत्येक विकर केंद्रकातील जनुकावरून पेशीद्रवात तयार होते आणि पत्ता वाचून तंतुकणिकेत पोहोचवले जाते. पुष्कळदा एकाच जनुकापासून दोन रूपे निघतात: युरॅसिल काढणाऱ्या विकराचे एक रूप केंद्रकात जाते, दुसऱ्याच्या आरंभी तंतुकणिकेचा पत्ता जोडलेला असतो.

‘दुरुस्ती नाही’ या समजुतीचा उगम १९७४मधील एका चांगल्या प्रयोगात आहे. क्लेटन, डोडा आणि फ्रीडबर्ग यांनी दाखवले की अतिनील किरणांनी चिकटलेले पिरिमिडीन बेस सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकांच्या डीएनएतून काढले जात नाहीत. तो निष्कर्ष आजही टिकून आहे. न्यूक्लिओटाइड-उच्छेदन तिथे खरोखरच नाही. चूक झाली ती पुढच्या सारांशात, एका रीतीच्या अभावावरून सगळ्या रीतींचा अभाव गृहीत धरण्यात. बेस-उच्छेदन तंतुकणिकेत व्यवस्थित चालते: युरॅसिल आणि बिघडलेले ग्वानिन काढणारी विकरे तिथे आहेत, रिकाम्या जागी धागा कापणारे विकर आहे, भरण्याचे काम मुख्यतः पॉलिमरेज-गॅमा करते आणि जोडण्याचे काम लायगेज-३. केंद्रकातून लायगेज-३ काढून टाकले तरी तिथे इतर लायगेज वेळ निभावून नेते. तंतुकणिकेत त्याला पर्याय नाही, हे २०११मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले.

दुहेरी भंगाचे मात्र वेगळे. तंतुकणिकेतील वर्तुळ तुटून सरळ झाले की बहुधा ते सांधले जात नाही. टोकांकडून खाणारी विकरे, त्यांत खुद्द पॉलिमरेज-गॅमाची चूक-तपासणीची बाजूही असते, काही तासांत तो तुकडा नाहीसा करतात आणि उरलेल्या शाबूत वर्तुळांची नक्कल होऊन संख्या भरून निघते. हे २०१८मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. केंद्रकातील केयूवर चालणारी थेट जोडणी तंतुकणिकेत आढळत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सतीश राघवन यांच्या गटाला तंतुकणिकांच्या अर्कात ती दिसली नाही, पण दोन टोकांवरील थोड्याशा समान अक्षरांच्या आधाराने होणारी जोडणी दिसली. अशी जोडणी मधला मजकूर गमावते. माणसात सर्वाधिक आढळणारी तंतुकणिकीय खोट, म्हणजे गळलेला तुकडा, ४,९७७ बेसजोड्यांची असून तिच्या दोन्ही कडांना १३ अक्षरांचा सारखाच क्रम असतो. ती नकलेच्या वेळी घसरण्याने होते की जोडणीच्या वेळी, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

प्रती पुष्कळ असल्याने एका पेशीत चांगल्या आणि बिघडलेल्या प्रती एकत्र नांदतात आणि आजार दिसतो तो बिघडलेल्यांचे प्रमाण साधारण ६० ते ९० टक्क्यांपुढे गेल्यावर. त्यामुळे ‘उत्परिवर्तन आहे की नाही’ एवढे विचारून भागत नाही. किती आणि कोणत्या ऊतीत, हे विचारावे लागते. पक्षाघातासारखे झटके, बहिरेपणा आणि मधुमेह यांच्याशी निगडित असलेले ३२४३ क्रमांकाच्या जागेवरचे उत्परिवर्तन रक्तात वयाबरोबर कमी होत जाते, कारण रक्त तयार करणाऱ्या ज्या मूळपेशींत त्याचे प्रमाण जास्त असते त्या मागे पडतात. मोठ्या माणसाचा रक्ताचा अहवाल निर्दोष आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत; पुढे लघवीतील पेशींत तेच उत्परिवर्तन ठळकपणे सापडले. म्हणून प्रौढ रुग्णाची लघवी किंवा स्नायू तपासल्याशिवाय ‘नाही’ असा निर्वाळा देऊ नये, असे मी तरुण सहकाऱ्यांना सांगत असतो. तंतुकणिकीय डीएनएतील अशाच मोठ्या खोटेमुळे रक्तक्षय होणारी पिअर्सन सिंड्रोमची बाळे याचेच आणखी ठसठशीत उदाहरण आहेत. रक्तक्षयातून वाचलेल्या बाळाच्या रक्तातून खोट असलेल्या प्रती हळूहळू कमी होतात, पण स्नायूंत आणि मेंदूत त्या राहतात, आणि तेच मूल पुढे पापण्या व डोळ्यांचे स्नायू दुबळे झाल्याने किंवा हृदयाचे ठोके अडखळल्याने परत येते. विभाजन पावणाऱ्या ऊतीत वाईट पेशी गाळल्या जातात. मेंदूत आणि स्नायूंत तशी गाळणी नसते. तिथे अख्खी निकामी तंतुकणिकाच गिळून पचवण्याची सोय असते, पण बिघडलेली प्रत चांगल्या तंतुकणिकेत मिसळून गेलेली असेल, तर ती या नजरेतूनही सुटते.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा, कारण त्यावर महागडी औषधे विकली जातात. तंतुकणिकेत ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात, तिचा डीएनए उघडा असतो, म्हणून तो ऑक्सिडीकरणाने सडतो आणि आपण म्हातारे होतो, असे सांगितले जाते. तो डीएनए उघडा नसतो. टीएफएएम नावाचे प्रथिन त्याला घट्ट गुंडाळून ठेवते. आणि वृद्ध मेंदूतील तंतुकणिकांचा डीएनए अतिशय अचूक पद्धतीने वाचल्यावर, २०१३मध्ये, असे दिसले की वयाबरोबर साठलेली बहुतेक उत्परिवर्तने बिघडलेल्या ग्वानिनच्या छापाची नसून नकलेतील चुकांच्या आणि सायटोसिनच्या झिजेच्या छापाची आहेत. चूक तपासण्याची क्षमता काढून घेतलेले पॉलिमरेज-गॅमा असलेले उंदीर अकाली म्हातारे होतात, हे २००४मध्येच कळले होते. तंतुकणिकेचा डीएनए वाचवण्यासाठी ॲण्टिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात या सल्ल्याला मला आधार दिसत नाही आणि मी तो देत नाही.

किरणोत्सर्गाच्या संदर्भात आपल्या देशातले एक उदाहरण वर्गात जरूर सांगावे. केरळच्या कोल्लम किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम असते आणि तिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या जास्त नैसर्गिक किरणोत्सर्गात राहत आली आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कोल्लमला प्रयोगशाळा उभारून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि रक्तातील पेशींच्या केंद्रकात दुहेरी भंग वाढलेले आढळले नाहीत. २००२मध्ये मात्र जर्मन व ब्रिटिश संशोधकांनी त्याच किनाऱ्यावरील कुटुंबांत आईकडून अपत्याकडे येणाऱ्या तंतुकणिकीय डीएनएत बिंदू-उत्परिवर्तने जास्त आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि ती उत्क्रांतीत एरवीही वारंवार बदलणाऱ्या जागांवरच होती. दोन अभ्यासांत मोजलेल्या गोष्टी आणि पेशी भिन्न आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये. पण एकाच किनाऱ्यावर पेशीतील या दोन डीएनएंचे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात, हे त्यातून नीट दिसते.

आपल्या मूळ शंकेचा सर्वांत चांगला निवाडा अलीकडच्या जनुक-संपादनाच्या प्रयोगांत मिळतो. बिघडलेल्या प्रतीलाच ओळखून कापणारी विकरे तंतुकणिकेत पाठवली, तर कापलेली प्रत सांधली न जाता नष्ट होते आणि चांगल्या प्रतींचे प्रमाण वाढते. २०१८मध्ये उंदरांच्या हृदयात हे साधले. हा उपाय चालतो तो दुहेरी भंगाची दुरुस्ती तिथे बहुधा होत नाही म्हणूनच. २०२०मध्ये डेव्हिड लिऊ आणि जोसेफ मूगस यांच्या गटांनी एका जीवाणूच्या विषापासून दुसरे साधन बनवले, जे धागा न कापता सायटोसिनचे युरॅसिल करते आणि नकलेनंतर तिथे थायमिन येते. त्याला त्यांना एक प्रथिन मुद्दाम जोडावे लागले. ज्या विषाणूच्या डीएनएत थायमिनऐवजी युरॅसिलच असते, अशा जीवाणूभक्षी विषाणूकडून ते घेतलेले आहे आणि युरॅसिल काढणाऱ्या विकराला ते बांधून ठेवते. ते प्रथिन जोडले नसते, तर तंतुकणिकेच्या दुरुस्ती-विकराने ते नवे युरॅसिल काढून तिथे पुन्हा सायटोसिन बसवण्याची वाट मोकळी राहिली असती.